वीतभर पलीकडे

"तू फक्त घरी ये आणि खिडकीतून बघ," शिगेमित्सुरावांनी बायकोला सांगितलं. "बाकी काही करायचं नाही. नुसतं बघायचं!"

सुमिएबाईंना नुसतं बघण्याखेरीज दुसरं काही करताही येत नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत इस्पितळातच राहून पुन्हा चालायला शिकायचं, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं. घरी गेल्यावरही हिवाळा बराचसा पडूनच काढायचा होता. बाईंनी हे सगळं निमूटपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. शेजारचा मेपल लाल झाला का?

नव्हता झाला. पण बाई रोज विचारत. शेजारच्या त्सुजिमोतो वहिनींच्या अंगणातलं ते झाड बाई नऊ वर्षांच्या असताना लावलेलं. लहान खोलीत अंथरूण घातलं की खिडकीतून, मधल्या भिंतीवरून त्याच्या फांद्या दिसत. दर वर्षी थंडीच्या तोंडावर ते आठ-दहा दिवस असं काही पेटायचं, की खोलीतल्या चटयासुद्धा लालसर दिसायच्या. यंदा ते आठ-दहा दिवस पडल्या पडल्या बघायला मिळणार, एवढ्यासाठी बाई मोडलेल्या हाडालाही माफ करायला तयार होत्या.

नेमकी हीच गोष्ट शिगेमित्सुरावांनी मनावर घेतली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोसाठी मुद्दाम काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं, अगदी त्यांना स्वतःलाही. अडतीस वर्षं ते क्योतो शहराच्या जमिनीखालच्या पाण्याच्या नळांवर देखरेख करत होते. शहराच्या पोटात कुठे काय आहे ते त्यांना पाठ होतं. वर काय चालतं याचा मात्र त्यांना फारसा पत्ता नसे. मूळचे ते उत्तरेकडच्या अकिताचे. या घरात आले ते घरजावई म्हणून, बायकोचं आडनाव लावून. गल्लीच्या रीतिभाती ही बायकोच्या माहेरची इस्टेट, तिची तिने सांभाळावी, अशी वाटणी त्यांनी पहिल्याच वर्षी करून टाकली होती.

लहान खोलीच्या खिडकीबाहेर, घराच्या अंगाला लागून, दीड मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशी एक बोळकांडी होती. तिथे दोन सायकली, एक गंजलेला बंब आणि रिकाम्या कुंड्यांची उतरंड होती. लग्नाच्या वर्षी शिगेमित्सुरावांनी "इथे एक छानशी बाग करू" असं म्हटलं होतं. पुढे तिथली प्रत्येक कुंडी त्यांनीच आणून टाकली.

"वीस दिवसांत बाग करतो," ते आता म्हणाले. "तू घरी येशील तेव्हा मेपल लाल असेल, आणि खाली बाग."

बाईंना आनंद झाला, पण त्याच वेळी काळजीही वाटली, कारण नवऱ्याला त्या ओळखून होत्या. "सकाळचं दारापुढचं झाडता ना?" त्यांनी विचारलं. "आपलं झाडून झालं की वहिनींच्या बाजूला फक्त वीतभर..."

"अडतीस वर्षं मी या शहराला पाणी पाजलं," शिगेमित्सुराव म्हणाले, "आणि तू मला झाडायला शिकवतेस?"

बाई गप्प बसल्या. चव्वेचाळीस वर्षांची सवय होती.

आता त्या वीतभराचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिनसलं. या गल्लीत पहाटे प्रत्येक जण आपलं दार झाडतो आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर खराटा फिरवून थांबतो. वीतभर म्हणजे माया. अजिबात पलीकडे गेला नाहीत तर तुम्ही तुसडे. आणि वीतभराच्या पुढे गेलात, तर 'बाई, तुमच्याच्यानं होत नाही, तुमच्या कचऱ्याचा आम्हाला त्रास होतो' असं तोंडावर सांगितल्यासारखं. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही आणि कुणी कुणाला सांगत नाही. गल्लीत जन्मलेल्याला ते चालायच्या आधी कळतं. शिगेमित्सुराव जन्मले अकितात, जिथे हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडतो. तिथे ज्याच्या हाती फावडं तो आपल्या दारासकट शेजारच्या म्हातारीचंही दार मोकळं करतो, आणि ती म्हातारी त्याला आशीर्वाद देते.

बागेसाठी त्यांनी हामागुची माळीबुवांना बोलावलं. माळीबुवा बोळकांडीत अर्धा तास उकिडवे बसले, दोन विड्या ओढल्या आणि मग वर भिंतीपलीकडे बोट केलं. इथे उंच काही लावायचंच नाही, ते म्हणाले. खाली शेवाळ, एक दगड, एक पाण्याचं दगडी कुंड, आणि मागे बांबूचं कुंपण. कुंपणात एक गोल झरोका ठेवायचा, की अंथरुणावरून बघणाऱ्याला त्यातून फक्त मेपल दिसेल.

"झाड त्यांचं, मालक," ते म्हणाले. "बघायचं आपण."

शिगेमित्सुराव इतके खूश झाले, की त्यांनी माळीबुवांना तिसरी विडी स्वतःच्या हाताने पेटवून दिली.

काम सुरू होण्याआधी रिवाजाप्रमाणे आजूबाजूच्या घरांना टॉवेल वाटून, त्रास होईल, माफ करा, असं सांगायचं असतं. तेवढं त्यांना ठाऊक होतं. त्सुजिमोतो वहिनींकडे ते सर्वांत आधी गेले. वहिनी त्र्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, पाठीत वाकलेल्या, पण बोलायला लोण्यासारख्या मऊ. चव्वेचाळीस वर्षांनंतरही त्या शिगेमित्सुरावांना जावईबापूच म्हणत.

"बाग करताय? वा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आमच्या झाडाचा त्रास होत असेल, जावईबापू."

"छे छे, मुळीच नाही, वहिनी! त्रास कसला?"

ही गोष्ट त्यांनी अगदी मनापासून सांगितली. पण या गल्लीत ज्याला खरोखर त्रास होतो तोही नेमकं हेच म्हणतो, आणि एवढंच मनापासून म्हणतो. वहिनींनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

दुसऱ्याच दिवशी शिगेमित्सुरावांनी खराटा हाती घेतला. झाडाची वाळकी पानं गळायला लागली होती. ज्या झाडाच्या जिवावर आपली बाग उभी राहणार, त्याची पानं वाकलेल्या म्हातारीने एकटीने का गोळा करायची, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि विचार खरोखर चांगला होता. त्यांनी वहिनींचं दार या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडलं. वर पाणीही मारलं.

वहिनी सहाला बाहेर आल्या तेव्हा दार लख्ख होतं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या साडेपाचलाच खराटा घेऊन आल्या. म्हातारीला आताशा झोप येत नाही वाटतं, असं म्हणत शिगेमित्सुराव त्यानंतर पाचला उठू लागले. मग वहिनी पावणेपाचला उठू लागल्या. अकिताच्या माणसाला पहाटेचं कौतुक ते काय? ते साडेचारला उठले. दोन आठवड्यांत गल्लीतला दूधवाला या दोघांना वळसा घालून जाऊ लागला. शिगेमित्सुराव मात्र इस्पितळात जाऊन बायकोला सांगत, की वहिनींची आणि आपली आता चांगली गट्टी जमलीय.

आठवडाभराने वहिनी गोड वड्यांचा डबा घेऊन आल्या आणि पानांबद्दल तीनदा माफी मागून गेल्या. हा आपल्या झाडण्याचा मोबदला, असं शिगेमित्सुरावांनी धरलं. त्यांनी परत फळांची पेटी दिली. वहिनींनी त्यावर चहाचा उंची डबा आणला. हे असंच वाढत गेलं असतं, पण एका पहाटे शिगेमित्सुरावांचं लक्ष वहिनींच्या खराट्याकडे गेलं. काड्या झडून त्याचा नुसता दांडा उरला होता. आता मात्र त्यांना सुचलेली गोष्ट इतकी नामी वाटली, की ते दुकान उघडायच्या आधी तासभर त्याच्या पायरीवर जाऊन बसले. तिथला सर्वांत चांगला, हाताने बांधलेला बांबूचा खराटा त्यांनी घेतला. त्याला भेटवस्तूचा पांढरा कागद गुंडाळून घेतला, वर काळ्या शाईने स्वतःचं नाव लिहवून घेतलं, आणि तो वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी तो घेतला. कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत त्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. शिगेमित्सुरावांना गहिवरून आलं. एका साध्या खराट्याचं एवढं अप्रूप, या विचाराने ते घरी येईपर्यंत डोळे पुसत होते.

इकडे बाग आकाराला येत होती. शेवाळ बसलं, दगड बसला, कुंड बसलं. झरोक्याच्या दिवशी तर शिगेमित्सुराव स्वतः बायकोच्या जागेवर अंथरूण घालून, उशीवर डोकं ठेवून आडवे झाले आणि आतून हुकूम सोडू लागले. जरा डावीकडे. नाही, बोटभर उजवीकडे. फार झालं, अर्धं बोट मागे. माळीबुवा बाहेर कुंपण धरून दुपारभर इकडून तिकडे सरकत होते. शेवटी झरोक्यात मेपल असा काही बसला, की मध्ये त्याचं खोड, दोन्ही बाजूंना फांद्या, आणि बाहेरचं बाकी काहीच दिसू नये. झाडामागे काय आहे हे गेल्या चाळीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. आणि झाड लाल झालं होतं.

बाई घरी यायच्या आदल्या दिवशी माळीबुवा शेवटचा हात फिरवायला आले. चहा पिताना ते नेहमीपेक्षा गप्प होते.

"उद्या शेजारी काम आहे," ते म्हणाले.

"छाटणी?"

"छाटणीच म्हणायची." माळीबुवा कपात बघत राहिले. माळ्याने एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नेम होता आणि पन्नास वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मालक, या झरोक्याला एखादं झाकण करून ठेवू का? आज केलं तर चांगलं होईल."

शिगेमित्सुराव इतके हसले, की चहा नाकात गेला. एवढं जमून आलेलं दृश्य झाकायचं? माळीबुवांनी आणखी एकदा झरोक्यातून झाडाकडे पाहिलं, बंब घरामागे नेऊन ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातले कागद, औषधं आणि निरोपाचे नमस्कार आटोपेपर्यंत दुपार झाली. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा समोरून एक छोटा ट्रक बाहेर पडत होता. वर ताडपत्री होती, आणि तिच्याखालून लालभडक फांद्या लोंबत होत्या.

"बघ, लोक कसे असतात," शिगेमित्सुराव म्हणाले. "ऐन बहरात तोडलं. कुणाचं असेल?"

सुमिएबाई त्या ट्रककडे मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या. शिगेमित्सुरावांना वाटलं, प्रवासाने थकली असेल.

घरी पोचताच त्यांनी बाईंना अंथरुणावर निजवलं, उशी सारखी केली, मेपल नीट दिसावा म्हणून तिच्याखाली पंच्याची घडी घातली. मग खिडकीपाशी जाऊन, कागदी तावदानाला हात लावून ते वळले. "नुसतं बघायचं," ते म्हणाले, आणि त्यांनी तावदान सरकवलं.

खाली शेवाळ होतं, दगड होता, कुंडात पाणी होतं. मागे बांबूचं कुंपण होतं. कुंपणाच्या गोल झरोक्यात, अगदी मधोमध, अर्धं बोटही इकडे तिकडे नाही, अशी त्सुजिमोतो वहिनींच्या न्हाणीघराची खिडकी होती. तिच्या काचेमागे साबण आणि निळा तांब्या दिसत होता.

शिगेमित्सुराव बघत राहिले. बाईही बघत होत्या. मग दाराची घंटी वाजली.

वहिनी वड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. बाईंच्या अंथरुणाशी बसून त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली, आणि मग त्या दोन्ही हात टेकून वाकल्या. "इतकी वर्षं तुम्हाला त्रास दिला," त्या म्हणाल्या. "जावईबापू रोज पहाटे उठून आमचं दार झाडत होते. तोंडाने एक शब्द बोलले नाहीत. मलाच आधी कळायला हवं होतं. आमच्या मुलाच्या जन्माला ह्यांनी लावलेलं झाड, म्हणून माझा हात होत नव्हता. पण तो खराटा मिळाला आणि म्हटलं, आता पुरे. सुमिए घरी येणार, ओल्या पानांवरून पुन्हा पाय घसरला तर? आजच काढायला लावलं."

शिगेमित्सुरावांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते मिटलं.

"वहिनी, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत," सुमिएबाई म्हणाल्या. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पडल्या पडल्याच डोळे मिटून मान लववली, आणि वहिनी जाईपर्यंत त्या तशाच होत्या.

वहिनी गेल्यावर बाईंनी विचारलं, "कुठपर्यंत झाडत होतात?"

"सगळं."

"आणि खराटा?"

"नवा. भेटीचा कागद लावून." आणि मग, खरं तेच सांगावं म्हणून, "नाव घालून."

बाईंनी पुन्हा डोळे मिटून घेतले. शिगेमित्सुराव उठले. आत्ताच्या आत्ता जातो आणि सांगतो, ते म्हणाले, की असं काही नव्हतं, आम्हाला ते झाड किती प्रिय होतं, हे सगळं त्या झाडासाठीच होतं.

"बसा," सुमिएबाई म्हणाल्या. "आज त्यांना वाटतंय, शेजाऱ्यासाठी तोडलं. तुम्ही सांगून आलात की उगाच तोडलं म्हणून झोपतील त्या. त्र्याऐंशी वर्षं वय आहे त्यांचं." त्यांनी डोळे उघडले. "मला ते तुमच्या झरोक्यातून बघायचं नव्हतं हो. नुसतं बघायचं होतं."

शिगेमित्सुराव बसले. आपण दुष्ट शेजारी आहोत आणि मरेपर्यंत तसंच राहायचं आहे, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात येत होतं. बाहेर अंधारून आलं. तेवढ्यात झरोक्यात दिवा लागला, आणि निळा तांब्या जागचा हलला.

"बंद करा ते," बाई म्हणाल्या. "वहिनी आंघोळीला गेल्यात."

त्यांनी तावदान सरकवून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिगेमित्सुराव खराटा घेऊन बाहेर आले, वीतभर म्हणजे वीतभरच असं घोकत, आणि जागीच थांबले. त्यांचं स्वतःचं दार या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडलेलं होतं. वर पाणी मारलेलं होतं. शेजारच्या दारापाशी नवा खराटा भिंतीला टेकून उभा होता. आपलं काय पडलं वहिनींच्या अंगणात, आपण काय केलं, ते काढून टाकता येईल का, असं सगळं एकदम मनात आलं. आत जाऊन त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं, सगळं? ते म्हणाले, सगळं. बाईंनी बंद तावदानाकडे पाहिलं.

"त्यांच्या न्हाणीघरातून तुमचा झरोका दिसतो, नेमका त्यांच्यावर रोखलेला," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी शिगेमित्सुरावांनी घरामागून गंजलेला बंब ओढत आणला. शेवाळावर दोन कुंड्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर तो उभा केला. तो झरोक्यात इतका चपखल बसला, की माळीबुवांनाही अर्धं बोट सरकवावं लागलं नसतं. हिवाळाभर सुमिएबाई तावदान उघडून, शेवाळ, दगड, कुंड आणि बंब बघत पडून राहिल्या.

जानेवारीत एकदा वहिनी बसायला आल्या. शिगेमित्सुराव चहा करत होते. वहिनी बराच वेळ बागेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिथे पूर्वी आमचं झाड दिसायचं, नाही का ग?"

"दिसायचं का?" सुमिएबाई म्हणाल्या. "माझं कधी लक्षच गेलं नाही, वहिनी."

"बरं झालं मग," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा बंबाकडे बघू लागल्या.

शिगेमित्सुराव चहा ओतत होते. पेला भरला, चहा चटईवर पसरत वहिनींच्या गुडघ्यापाशी पोचला, तरी ते ओततच होते. मग भानावर येऊन ते फडकं आणायला धावले.

"राहू द्या," सुमिएबाई म्हणाल्या. "तुम्ही काही पुसू नका."